गोळी सव्वा वर्ष चालली, मग लिव्हरमध्ये गाठी कुठून आल्या?

वर्धा जिल्ह्यातल्या एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आई ५८ वर्षांची, तंबाखूला कधी हात लावलेला नाही, घरी कपाशीची शेती. फुफ्फुसाचा कॅन्सर, अ‍ॅडिनोकार्सिनोमा, चौथी स्टेज. तपासणीत ईजीएफआर या जनुकात एक्झॉन १९ डिलीशन (जनुकाच्या एकोणिसाव्या भागातला छोटा तुकडा गळालेला) निघालं म्हणून जेफिटिनिबची रोज एक गोळी सुरू झाली. सव्वा वर्ष आई घरातलं सगळं करत होती. आता स्कॅनमध्ये छातीतली गाठ आटलेली ती आटलेलीच आहे, पण लिव्हरमध्ये दोन नव्या गाठी दिसतात. नागपूरचे डॉक्टर पुन्हा बायॉप्सी करायला सांगतात. तर पहिला रिपोर्ट चुकला होता का? गोळ्या नकली होत्या का? एकच औषध छातीत चालतं आणि लिव्हरमध्ये चालत नाही, हे कसं? सुई टोचण्याऐवजी रक्ताच्या तपासणीवर भागणार नाही का? आणि आम्हा भावंडांनीही तपासून घ्यायचं का?

रिपोर्ट चुकला नव्हता आणि गोळ्याही नकली नव्हत्या. हे आधी सांगून टाकतो, कारण घरात भांडणं यावरूनच लागतात. कोणी लॅबला नावं ठेवतं, कोणी औषधाचं दुकान बदलल्याचा दोष धाकट्या भावाच्या माथी मारतं. ईजीएफआरमध्ये बदल नसलेल्या रुग्णाला ही गोळी दिली तर ती लगेच उघडी पडते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आयपास या आशियातल्या मोठ्या चाचणीत, बदल नसलेल्यांमध्ये जेफिटिनिबने रोग जेमतेम दीड महिना थोपवला आणि बदल असलेल्यांमध्ये साडेनऊ महिने. हा मध्यक आहे. निम्म्यांना यापेक्षा कमी मिळतं, निम्म्यांना जास्त. तुमच्या आईला सव्वा वर्ष मिळालं. चुकीच्या रिपोर्टवर आणि खडूच्या गोळीवर सव्वा वर्ष मिळत नाही.

तिसरा प्रश्न मोलाचा आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. "गाठ तं वितळली होती ना डॉक्टरसाहेब, मंग हे कुठून आलं?" हे वाक्य ओपीडीत दर आठवड्याला कोणी ना कोणी म्हणतंच.

बायॉप्सीच्या सुईतून येतो तो तुकडा दीड-दोन सेंटीमीटर लांब आणि मिलिमीटरभर जाड. आपण त्याची तपासणी करतो आणि म्हणतो, "आईच्या कॅन्सरमध्ये अमुक बदल आहे." पण एक घन सेंटीमीटरच्या गाठीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असतात. सगळ्या एकाच मूळ पेशीच्या वंशातल्या, तरी सगळ्या सारख्या नाहीत. दर वेळी पेशी दुभंगताना सुमारे ६०० कोटी अक्षरांचा जनुकीय मजकूर नव्याने उतरवला जातो. निरोगी पेशीतसुद्धा त्यात एखाद-दुसरी चूक राहून जाते. कॅन्सरमध्ये चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच अनेकदा बिघडलेली असते, त्यामुळे चुका जास्त होतात. शंभर कोटी पेशी व्हायला निदान शंभर कोटी वेळा दुभंगावं लागतं. हिशेब तुम्हीच करून पाहा: पहिला स्कॅन होतो तेव्हाच त्या गाठीत कोट्यवधी निरनिराळे बदल विखुरलेले असतात, आणि पुढे सुरू होणाऱ्या गोळीला दाद न देणारी पेशी त्यात आधीपासून बसलेली असण्याची शक्यता बरीच असते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या पीटर नॉवेल यांनी १९७६ साली लिहून ठेवलं की गाठ म्हणजे एका पेशीपासून सुरू झालेली, पण पुढे निवड होत होत बदलत गेलेली पेशींची वस्ती आहे. गंमत म्हणजे याच नॉवेल यांनी डेव्हिड हंगरफर्ड यांच्यासोबत १९६० मध्ये रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये, म्हणजे सीएमएलमध्ये, नेहमीपेक्षा आखूड असलेलं एक गुणसूत्र पाहिलं होतं. त्या आखूड गुणसूत्रातल्या बिघाडावर नेम धरून २००१ मध्ये इमॅटिनिब आलं आणि टार्गेटेड थेरपीचा जमाना सुरू झाला. नेम कशावर धरायचा हेही त्याच माणसाला दिसलं, आणि नेम पुढे का चुकतो हेही.

नॉवेल यांचं म्हणणं प्रत्यक्ष गाठीत मोजून दाखवायला मात्र २०१२ उजाडावं लागलं. लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने किडनीच्या कॅन्सरच्या एकाच गाठीचे निरनिराळ्या जागांचे तुकडे घेऊन प्रत्येकाचं स्वतंत्र जनुकीय वाचन केलं. जे बदल सापडले त्यांतले साधारण दोन तृतीयांश सगळ्या तुकड्यांत नव्हतेच. काही वरच्या टोकाला, काही खालच्या, काही फक्त दूर पसरलेल्या गाठीत. एकाच गाठीच्या एका भागाची लक्षणं "रोग सौम्य" असं सांगत होती आणि दुसऱ्या भागाची "रोग आक्रमक" असं. व्हीएचएल या जनुकातला बदल मात्र सगळीकडे होता. शिवाय एसईटीडी२ हे जनुक एकाच गाठीच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या प्रकारे मोडलेलं निघालं. म्हणजे त्या गाठीच्या शाखांनी एकमेकींचा पत्ता नसताना एकच खोडी शोधून काढली होती.

यातून व्यवहाराचा नियम निघतो तो असा. बदल किती आहेत यापेक्षा कोणता बदल सगळ्या पेशींत आहे हे महत्त्वाचं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआरचा बदल बहुधा रोगाच्या अगदी आरंभी होतो, म्हणून तो छातीतही असतो आणि लिव्हरमध्येही. तुमच्या आईची गोळी एवढी छान लागू पडली ती याच कारणाने. आणि ती पुरी पडली नाही, कारण त्या सामाईक बदलाच्या जोडीला काही पेशींत आणखी एक बदल होता किंवा नंतर झाला.

तुमच्याकडे कपाशी आहे, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. बीटी कपाशी २००२ मध्ये आली, २००६ मध्ये दोन विषारी प्रथिनांचं वाण आलं, फवारण्या कमी झाल्या. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या वावरांत त्याच वाणाची बोंडं गुलाबी बोंडअळीने आतून पोखरली. बियाण्यातलं विष तेच होतं, अळ्यांची वस्ती बदलली होती. विष पचवणाऱ्या थोड्या अळ्या होत्याच; बाकीच्या मेल्या तसं रान त्यांना मोकळं झालं. पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी यायची, बांधाच्या कडेने पेरायला. तिचा हेतू हाच होता की विषाने मरणाऱ्या अळ्याही शिल्लक राहाव्यात आणि चिवट अळ्यांचाच वंश वाढू नये. ती पुडी किती जणांनी पेरली ते तुम्हाला ठाऊक आहे.

जेफिटिनिबने आईच्या शरीरात हेच केलं. गोळीला मरणाऱ्या पेशी मेल्या आणि न मरणाऱ्यांना जागा मिळाली. छातीतल्या गाठीत अशा पेशी नव्हत्या किंवा अजून फार थोड्या आहेत. लिव्हरमध्ये जी बी पडली ती नेमकी त्यांची. एकच औषध दोन जागी दोन तऱ्हांनी वागतं ते असं.

अळीपेक्षा कॅन्सरच्या पेशीकडे एक वाट जास्त आहे, तीही सांगतो. काही पेशी जनुकात कुठलाही नवा बदल न करता गोळी सुरू होताच वाढ थांबवून निपचित पडतात. औषध वाढणाऱ्या पेशीला मारतं, पडून राहिलेली पेशी वाचते. महिनोन्‌महिने ती तशीच तग धरते आणि त्या काळात प्रतिकाराचा बदल मिळवते. आधीपासून असलेल्या पेशी आणि निपचित पडून नंतर बदललेल्या पेशी, या दोन्ही वाटांनी गोळीचा प्रतिकार तयार होतो हे प्रयोगशाळेत दाखवून झालं आहे. स्कॅनमध्ये गाठ "पूर्ण गेली" असं लिहून आलं तरी आम्ही गोळी थांबवत नाही, ते यामुळे.

आता तो दुसरा बदल कोणता? जेफिटिनिब किंवा त्याच जातीची अर्लोटिनिब घेणाऱ्यांत निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांत तो टी७९०एम असतो. ईजीएफआर प्रथिनाच्या ७९० व्या जागेवर थ्रिओनिन या अमिनो आम्लाच्या (प्रथिनाच्या माळेतल्या मण्याच्या) ऐवजी मेथिओनिन येतं, तेही जनुकातलं एकच अक्षर बदलून. गोळीला बसायची जागा तीच राहते, पण पेशीचं स्वतःचं इंधन म्हणजे एटीपी तिथे आता जास्त घट्ट बसतं आणि गोळीला हुसकावतं. ऑसिमर्टिनिब हे यावरचं औषध. ते ७९७ व्या जागेवरच्या सिस्टिनला कायमचं चिकटतं, त्यामुळे त्याला हुसकावता येत नाही. पुढे काही रुग्णांत तो सिस्टिनच बदलतो, त्याला सी७९७एस म्हणतात, आणि पुन्हा तोच खेळ. बाकीच्या रुग्णांत वाटा वेगळ्या असतात. कोणात एमईटी या जनुकाच्या प्रती वाढतात आणि पेशी ईजीएफआरचा रस्ता सोडून शेजारचा रस्ता धरते. थोड्यांमध्ये तर पेशीची जातच बदलते: अ‍ॅडिनोकार्सिनोमाचा स्मॉल सेल कॅन्सर होतो, ईजीएफआरचा जुना बदल तसाच ठेवून. त्याचा इलाज पूर्ण वेगळा, प्लॅटिनम आणि इटोपोसाइडची केमो.

म्हणून पुन्हा बायॉप्सी. डॉक्टर पहिल्या रिपोर्टवर शंका घेत नाहीत. पहिला रिपोर्ट सव्वा वर्षापूर्वीच्या छातीतल्या पेशींचा होता, डॉक्टरांना आजच्या लिव्हरमधल्या पेशींबद्दल विचारायचं आहे.

"सुई लावली की कॅन्सर पसरते" ही भीती विदर्भात घरोघरी आहे, शिकलेल्यांतही. सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याच्या घटना फार विरळा आहेत, आणि आईचा रोग लिव्हरपर्यंत पोचलेलाच आहे. खरी जोखीम रक्तस्रावाची. म्हणून आधी प्लेटलेट आणि पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) तपासतात आणि ती रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर विचारून काही दिवस बंद ठेवतात. सोनोग्राफीखाली जागा बधिर करून वीस-पंचवीस मिनिटांचं काम असतं. तुम्ही आग्रह एकाच गोष्टीचा धरा: एकाऐवजी दोन-तीन तुकडे घ्यायला सांगा आणि हा नमुना जनुकीय तपासणीला जाणार आहे हे फॉर्मवर स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर कॅन्सर आहे की नाही हे ठरवण्याच्या रंगतपासण्यांतच सगळा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला नमुना, संपतो. हाडातला नमुना असेल तर आणखी एक काळजी. हाड मऊ करायला वापरतात त्या कडक आम्लात डीएनएचा चुरा होतो. त्याऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायला आधीच सांगून ठेवावं लागतं.

रिपोर्ट आला की सगळे नाव शोधतात, आकडा कोणी पाहत नाही. आकडा कुठून येतो ते एकदा पाहा. मेणाच्या ब्लॉकचा पातळ काप काचेवर घेऊन गुलाबी-जांभळा रंग देतात. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कॅन्सरच्या पेशी जिथे दाट आहेत त्या भागाभोवती मार्करने गोल काढतो आणि "कॅन्सरच्या पेशी ६० टक्के" असं लिहितो. पुढच्या कापांवरून तेवढाच भाग ब्लेडने खरवडून डीएनए काढतात. समजा रिपोर्टमध्ये आलं: एक्झॉन १९ डिलीशन ३० टक्के, टी७९०एम ४ टक्के. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती, त्यातली एक बिघडलेली, म्हणून ३० टक्के प्रती म्हणजे ६० टक्के पेशी. कॅन्सरच्या पेशीही ६० टक्केच होत्या, म्हणजे एक्झॉन १९ चा बदल कॅन्सरच्या जवळपास प्रत्येक पेशीत आहे. टी७९०एमचे ४ टक्के म्हणजे ८ टक्के पेशी, अर्थात कॅन्सरच्या साधारण आठ पेशींमागे एक. बाकीच्या सात कशाच्या जोरावर वाढताहेत? हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. हे गणित कच्चं आहे. ईजीएफआरच्या प्रती वाढलेल्या असतील तर सगळं बिनसतं, आणि डॉक्टर ते धरूनच बोलतील. पण मूळ बदलाच्या मानाने टी७९०एमचं प्रमाण जेवढं कमी, तेवढा ऑसिमर्टिनिबचा प्रतिसाद सहसा तोकडा, हे रुग्णांच्या अभ्यासांत दिसलं आहे. दोन रुग्णांना एकाच नावाचा बदल, तीच गोळी, आणि एकाला वर्ष मिळतं, दुसऱ्याला तीन महिने, त्यामागे बरेचदा हा आकडा असतो.

रक्ताच्या तपासणीकडे येऊ. मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात आणि दोनेक तासांत निम्मे नाहीसे होतात, त्यामुळे आजचं रक्त आजचीच बातमी देतं. सुईला एकच जागा दिसते. रक्तात सगळ्या गाठींची सरमिसळ येते, हा त्याचा मोठा फायदा. लिव्हरमधला रोग रक्तात डीएनए बऱ्यापैकी सोडतो, म्हणून तुमच्या आईच्या बाबतीत हाती काही लागण्याची आशा चांगली आहे. रोग फक्त मेंदूत असता तर मी ही तपासणी सुचवली नसती.

पण दोन अडचणी. रक्तात टी७९०एम सापडलं तर विश्वास ठेवता येतो. नाही सापडलं तर "नाही" असं म्हणता येत नाही, कदाचित त्या दिवशी पुरेसा डीएनएच उतरला नसेल. रिपोर्टमध्ये मूळ एक्झॉन १९ चा बदलसुद्धा दिसत नसेल तर तो रिपोर्ट निगेटिव्ह नव्हे, निकामी समजायचा. दुसरी अडचण अशी की स्मॉल सेलमध्ये झालेलं रूपांतर पेशी डोळ्याने पाहिल्याशिवाय ठरत नाही. रक्तावरून फार तर संशय येतो. मला विचाराल तर परवडत असेल तर दोन्ही करा. एकच करायचं तर सुई, कारण लिव्हर सुईला सोपा आहे. आई फार थकलेली असती किंवा गाठ अवघड जागी असती तर मी उलटं सांगितलं असतं.

मे महिन्यात नागपूरहून रक्त पाठवणाऱ्यांसाठी एक छोटी सूचना. या तपासणीच्या खास नळीत रक्त कित्येक दिवस टिकतं, पण तिला साधारण ३७ अंशांपर्यंतचं तापमान चालतं. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. ती नळी स्कूटरच्या डिक्कीत घालून दुपारी कुरिअरकडे निघालात तर पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा चांगला डीएनए प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, मिसळतो, आणि आधीच तुटपुंजा असलेला कॅन्सरचा डीएनए त्यात हरवून जातो. सकाळी लवकर रक्त द्या आणि लॅबच्या माणसालाच घेऊन जाऊ द्या.

पुढे काय, तेही सांगतो. टी७९०एम निघालं तर ऑसिमर्टिनिब. या परिस्थितीत केमोशी तुलना झाली तेव्हा ऑसिमर्टिनिबने रोग दहा महिन्यांच्या आसपास थोपवला, केमोने साडेचार. स्मॉल सेल निघाला तर वर सांगितलेली केमो. एमईटी निघालं तर एमईटीवरचं औषध जोडण्याचा विचार होतो. ते मिळणं आणि परवडणं ही वेगळी लढाई. काहीच निघालं नाही तर प्लॅटिनम आणि पेमेट्रेक्सेडची केमो, आणि ती काही शेवटच्या पर्यायासारखी पाहू नका, तिचा उपयोग चांगला होतो. नवी गाठ एकच असती आणि बाकी सगळं शांत असतं तर तेवढ्यावर नेमका रेडिएशनचा मारा करून जुनीच गोळी चालू ठेवता आली असती. चिवट पेशींची एकच वस्ती असेल तेव्हा ही युक्ती जमते. लिव्हरमध्ये दोन आहेत, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी हे विचारात घेतलं असेलच, तरी विचारून घ्या.

रिपोर्ट येईपर्यंत गोळी आपल्या मनाने बंद करू नका. छातीतल्या पेशी अजून तिच्या धाकात आहेत. काही रुग्णांत गोळी अचानक थांबवल्यावर रोग उसळी मारतो. कधी थांबवायची ते नवा उपचार ठरवणारे डॉक्टर सांगतील.

"मग सुरुवातीलाच ऑसिमर्टिनिब का दिलं नाही?" हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. पहिल्यापासून दिलं तर त्याने रोग जवळपास १९ महिने थोपवला, जुन्या गोळ्यांनी १० महिने. खर्चामुळे आपल्याकडे अनेकांना जेफिटिनिबवरच सुरुवात करावी लागते. २०२४ च्या अर्थसंकल्पात ऑसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क काढलं, तरी ती गोळी सगळ्यांच्या आवाक्यात आलेली नाही. पण स्वस्तातही एक चांगली वाट आहे आणि ती मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने दाखवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत नुसत्या जेफिटिनिबने रोग ८ महिने थांबला, तर जेफिटिनिबसोबत पहिल्या दिवसापासून पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन दिल्यावर १६ महिने. त्रासही वाढला, हे खरं. पण तर्क सरळ आहे: एका औषधातून सुटणारी पेशी दुसऱ्यात सापडावी. टीबीला चार औषधं एकदम देतात तीही याच हिशेबाने. पुढे ऑसिमर्टिनिबसोबत केमो देऊनही असाच फायदा दिसला, साडेपंचवीस महिने विरुद्ध पावणेसतरा. आई धडधाकट असती आणि आज पहिल्यांदा माझ्याकडे आली असती, तर मी जोडीच्या उपचारांबद्दल बोललो असतो.

बोंडअळीच्या त्या पुडीवरून कॅन्सरवालेही काही शिकले आहेत. फ्लोरिडातले रॉबर्ट गेटनबी यांनी किडींच्या बंदोबस्तावरूनच कल्पना घेतली की सगळ्या पेशी मारायच्या मागे न लागता औषधाला मरणाऱ्या थोड्या पेशी मुद्दाम शिल्लक ठेवाव्यात, त्या चिवट पेशींना दाटीत वाढू देणार नाहीत. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये त्यांनी अ‍ॅबिरॅटेरॉन पीएसए (रोगाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) निम्म्यावर आल्यावर थांबवलं आणि तो मूळ पातळीवर चढल्यावर पुन्हा सुरू केलं. छोट्या गटात रोग जास्त काळ ताब्यात राहिला. फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी हे सिद्ध झालेलं नाही. घरी एक दिवसाआड गोळी घेऊन हा प्रयोग करणारे भेटतात, म्हणून मुद्दाम लिहितो: करू नका.

नागपुरात बसून हे लिहितोय तर खर्ऱ्याला, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाला, टाळून पुढे जाता येत नाही, कारण वाचणाऱ्यांत फुफ्फुसापेक्षा गालाच्या आणि हिरडीच्या कॅन्सरवाली घरं जास्त असतील. त्यांचा प्रश्न असतो, "आमच्यासाठी अशी नेमकी गोळी कावून नाही?" गाल आणि हिरडीच्या कॅन्सरचं जनुकीय वाचन भारतीय शास्त्रज्ञांनीच केलं, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. टीपी५३, कॅस्प८, फॅट१ अशी जी जनुकं पुन्हा पुन्हा निघाली ती बहुतेक मोडून बंद पडलेली आहेत. जास्त चालणारं जनुक औषधाने अडवता येतं. बंद पडलेलं सुरू करणारी गोळी अजून नाही. त्यात तंबाखू-सुपारीचा मारा तोंडाच्या सगळ्या अस्तरावर झालेला असतो, त्यामुळे शेजारशेजारच्या जागी स्वतंत्रपणे नवे कॅन्सर उगवू शकतात. अशा रुग्णासाठी पाचशे जनुकांची महागडी तपासणी केली तर रिपोर्ट जाड येतो आणि उपचार सहसा तेच राहतात. फुफ्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात मी मोठ्या तपासणीचा आग्रह धरतो. खर्ऱ्याच्या कॅन्सरमध्ये त्यासाठी वावर गहाण टाकू नका, असंच सांगतो. आधी ऑपरेशन वेळेवर होतंय का ते पाहा. रोग परतला किंवा पसरला असेल तर टाटाच्याच २०२२ च्या चाचणीत नेहमीपेक्षा खूप कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम निवोलुमॅब (शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारं औषध) केमोच्या गोळ्यांसोबत देऊन वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं होतं. त्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

जाड रिपोर्टचा आणखी एक सापळा. त्यात वीस बदलांची यादी असते आणि काहींपुढे औषधांची नावं छापलेली असतात. नातेवाईक ती यादी घेऊन येतात: "हे तीन औषधं सुरू करून द्या." यादीतला एखादा बदल ३ टक्के पेशींत असेल तर त्यावरचं औषध ९७ टक्के पेशींना शिवणारही नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये तर काही बदल कॅन्सरचे नसतातच. वय वाढलं की रक्तपेशींत स्वतःचे बदल साचतात, डीएनएमटी३ए हे त्यातलं नेहमीचं नाव, आणि ते रिपोर्टमध्ये शिरतात.

कागदपत्रांचं एवढं करा. पहिल्या बायॉप्सीचा ब्लॉक आणि काचा ज्या लॅबमध्ये आहेत तिथे लेखी अर्ज देऊन मागून घ्या. नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज असो की रामदासपेठेतलं खासगी हॉस्पिटल, अर्ज केला तर मिळतं. जुना आणि नवा नमुना शेजारी ठेवून पाहिला तर नवीन काय झालं ते पॅथॉलॉजिस्टला नेमकं सांगता येतं. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे.

राहिला भावंडांचा प्रश्न. एक्झॉन १९ डिलीशन आईच्या फुफ्फुसातल्या एका पेशीत, आईच्या आयुष्यात घडलेलं आहे. ते तिला आजीकडून आलेलं नाही आणि तिच्याकडून तुम्हाला गेलेलं नाही. अपवाद टी७९०एमचा: फार थोड्या घराण्यांत ते जन्मतःच असतं, आणि त्याची शंका तेव्हा घ्यायची जेव्हा गोळी सुरू होण्याआधीच्या रिपोर्टमध्येच ते ५० टक्क्यांच्या आसपास दिसतं. आईच्या पहिल्या रिपोर्टमध्ये फक्त एक्झॉन १९ असेल, तर तुम्हा भावंडांना ही तपासणी लागत नाही. नव्या रिपोर्टमध्ये बीआरसीएसारख्या, घराण्यात चालत येऊ शकणाऱ्या बिघाडाच्या जनुकाचं नाव आलं तर मात्र आईची अनुवंशिक तपासणी वेगळी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. ती रक्ताच्या पेशींवर होते आणि तिचा या गोळीशी संबंध नसतो.